इंजनावरचा भंडारा

पाशामियाँची गिरणी अणदूरला आली, तेव्हा बायांनी आपली दगडी जाती कोपऱ्यात सारली आणि खंडोबाच्या नावानं इंजनावर भंडारा उधळला. पुढं तो रिवाजच पडला. दळण झालं की एक चिमूट इंजनाला, एक त्याच्या पाण्याच्या टाकीत. देवाची हळद तेलकट फडक्यानं पुसायची कशी, म्हणून पाशामियाँनी ती कधी पुसलीच नाही. माणूस इतका भिडस्त, की दळणाला नाही म्हणणंही त्यांना जमत नसे. जो येईल त्याचं, येईल तेव्हा.

चंपाषष्ठी दोन दिवसांवर आली. घरोघरी बाजरीचा रोडगा व्हायचा, त्यामुळं सारं गाव गिरणीवर लोटलं. भर दुपारी पत्र्याखाली इंजन असं तापलं, की टाकीतून वाफा निघू लागल्या. पाशामियाँनी ते बंद केलं. मियाँच्या गिरणीपायी देवाचा रोडगा बुडाला, असं कुणीतरी म्हणणारच. निजामाचं राज्य जाऊन फार वर्षं झाली नव्हती. ते राज्य जातानाच्या वाईट दिवसांतही या गावानं त्यांना परकं मानलं नव्हतं, आणि तो आपलेपणाच आता हातचा जाईल असं त्यांना वाटलं.

त्यांच्या बायकोनं, सायराबीनं, टाकीत हात घालून पाहिलं. पीठ, तेल आणि हळदीचा लगदा नळीच्या तोंडाशी गच्च बसला होता. इंजनाला पाणीच पोचत नव्हतं. खरवडू या, ती म्हणाली. पाशामियाँ जागचे हलेनात. मग तीच उठून दगडाबाईला घेऊन आली. पहिली मूठ उधळली होती ती याच म्हातारीनं.

दगडाबाईनं इंजनावरचा पिवळा थर बघितला आणि ती खुदकन हसली.

"पाशा, उन्हाळ्यात तू गोधडी पांघरून निजतूस का रं?"

"पर मावशी, देवाचं हाय."

"देवाचं कपाळाला असतंय. मशिनीच्या नाकात न्हाय."

तिनं थर खरवडून पहिलं बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. मग सगळ्या बाया पुढं सरसावल्या. कपाळं काळी-पिवळी झाली, पण नळी मोकळी आणि इंजन लख्ख झालं.

मग पाशामियाँनाही धीर आला. हरभऱ्याच्या डाळीसारखी जड दळणं पहाटेच्या गारव्यात, बाजरी त्यानंतर गल्लीवार, आणि ते दुपारच्या नमाजाला गेले की इंजनालाही विसावा, असं त्यांनी जाहीर केलं. तेवढ्यात आण्णासाहेब पाटलांचा गडी डाळीचं पोतं घेऊन हजर. त्यालाही त्यांनी पहाटे यायला सांगितलं. गडी पहाटे मुकाट आला, आणि इंजन सणापर्यंत एकदाही कुरकुरलं नाही.

चंपाषष्ठीला गावभर भाजलेल्या वांग्यांचा वास सुटला होता. दगडाबाई एका हातात रोडगा नि भरीत घेऊन गिरणीत शिरली. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली होती. ती बघून पाशामियाँ धावत इंजनाच्या आडवे उभे राहिले.

म्हातारीनं मूठ त्यांच्याच डोक्यावर उधळली.

"इंजनाला न्हाय. इंजनवाल्याला."

टोपी, दाढी, सदरा, सगळं पिवळं झालं. दारातल्या बाया हसून हसून वाकल्या. सायराबीनं फडकं पुढं केलं, तर पाशामियाँनी ते बाजूला सारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "मी काय तापत न्हाय."