तिसरा सभामंडप

रंगनाथरावांनी हात पुढे करून शेखरचे पेन थांबवले.

"नवीन काम नका लिहू. मंजूर झालेलं रद्द करायचंय."

आमदारांचा सहायक शेखर त्यांच्याकडे बघतच राहिला. बाहेर बाकांवर माणसे दाटीने बसली होती. कुणाला गल्लीत पेव्हर ब्लॉक हवे होते, कुणाला स्मशानात शेड. काही नको म्हणायला आलेले हे एकटेच.

"काका, असं कुणी येत नाही हो," शेखर म्हणाला आणि त्यांना आत सोडले.

निवृत्तीपर्यंत रंगनाथरावांनी सिन्नरच्या एका कारखान्याचे भांडार सांभाळले होते. गरजेशिवाय खिळाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही तिथली सवय. बोललेही ते तसेच, मोजके. कॉलनीच्या मोकळ्या मैदानात सभामंडप बांधायचे ठरले आहे. कॉलनीत दोन आधीच आहेत आणि दोन्हींना कुलूप आहे.

"तिजोरीत पैसा नाही म्हणतात, मग हा तिसरा कशाला? तुम्ही विधानसभेत उठून सांगा, भाऊ. असले खर्च आधी कापा म्हणावं."

आमदार मान हलवत होते. रंगनाथरावांनी चहाची कपबशी बाजूला सरकवली.

"अर्धांगवायूनंतर आमची ही त्या मैदानात पुन्हा चालायला शिकली. रस्त्यावर गाड्या. घरात भिंती. दुसरी जागा नाही तिला."

"शंभर टक्के पटतं, काका. उधळपट्टी मलाही आवडत नाही. शेखर, काकांचं मनावर घ्यायचं."

आमदार त्यांना दारापर्यंत सोडायला आले.

घरी कुसाबाई वाटच बघत होत्या.

"काय म्हणाले?"

"पटलं म्हणाले."

"तुमच्या आईचं सगळं मला पटायचं," कुसाबाई म्हणाल्या. "त्यातलं केलं का मी काही?"

गुरुवारी सकाळी शेखरचा फोन आला. भाऊंनी मनावर घेतलंय, दहाला मैदानात या. रंगनाथरावांनी इस्त्रीचा सदरा घातला. कुसाबाईही काठी घेऊन निघाल्या, नाहीतरी त्यांच्या फेऱ्यांची वेळ झालीच होती.

कोपऱ्यावरून रंगनाथरावांनी पाहिले. मांडव नव्हता, खुर्च्या नव्हत्या, कर्णा नव्हता. त्यांना हायसे वाटले. मग माणसे बाजूला झाली आणि चुन्याने आखलेला मोठा चौकोन दिसला. कडुलिंबाखालची कुसाबाईंची रोजची वाट त्याच्या बरोबर मधून जात होती. तिथेच पाट मांडला होता आणि कुदळीला झेंडूची माळ बांधली होती.

आमदारांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"हे काका मला म्हणाले, भाऊ, खर्च कापा. कापला. मांडव नाही, हारतुरे नाहीत, मुंबईचा पाहुणा नाही. भूमिपूजन आपल्याच ज्येष्ठांच्या हातून. उद्यापासून सगळ्या मतदारसंघात असंच."

टाळ्या पडल्या.

"भाऊ, मी ते नव्हतो म्हणालो..."

"आधी नारळ, काका. मुहूर्त टळायला नको."

शेजारच्या सविताने त्यांना कुंकू लावले, ओवाळले. गुरुजींनी मंत्र म्हणत नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला. पुजलेला नारळ तसाच खाली ठेवता येत नाही. कुणीतरी दगड पुढे सरकवला. आमदारांचा हात त्यांच्या पाठीवर होता, आपुलकीचा.

रंगनाथरावांनी मान वळवली. कुसाबाई नेहमीच्या चालीने येऊन चुन्याच्या रेघेशी थांबल्या होत्या. काठीचे टोक रेघेच्या अलीकडे होते. त्यांनी पाटाकडे पाहिले, कुदळीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

"फोडा ना," त्या म्हणाल्या. "माणसं खोळंबलीत."

आणि काठी टेकवत, उजवा पाय ओढत त्या घराकडे वळल्या.