सीपीयूची खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या आत्तीनं कॉम्प्युटरला पाणी पाजलं.

आत्ती म्हणजे माझी सासू, तानाबाई. मी वर्षाराणी, घरातच लग्नपत्रिका करून देते. झेंडूची फुलं आणायला मी कोपऱ्यापर्यंत गेलते, तेवढ्यात तिनं सीपीयूचं बाजूचं झाकण काढलं, आतल्या हिरव्या बोर्डावर फुलानं पाणी शिंपडलं, वर हळद-कुंकू वाहिलं.

"हे काय केलासा, आत्ती?"

"पूजा. इळ्याची पूजा पात्यावर करत्यात का मुठीवर? तू आपली दरसाल पेटीलाच कुंकू लावतीस."

मी कपाळाला हात लावला. दुसरं कुणी असतं तर चांगली खरडपट्टी काढली असती. पण ओरडायचं त्राणच उरलं नाही, कारण त्या पेटीत मामंजी होते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे गुंडूमामा, दूध संस्थेत होते. रोज संध्याकाळी कर्ण्यावर वाजायची सूचना त्यांनी ह्याच कॉम्प्युटरवर बोलून ठेवलेली. ते गेले, संस्थेनं नवा आवाज घेतला, जुना फक्त आमच्याकडं राहिला. आत्ती दिवेलागणीला तो ऐकायची आणि मगच चहा घ्यायची. दुसरीकडं कॉपी काढून ठेवते म्हटलं की म्हणायची, "एका माणसाला दोन ठिकाणी ठिवायचं न्हाय."

नशीब, मशीन बंद होतं. मी आधी भिंतीतलं बटण बंद केलं, मग पिन उपसली. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावला, म्हणजे अंगातली वीज बोर्डात उतरत नाही. वायरी सोडवल्या, हार्ड डिस्कची बंद डबी कोरड्या फडक्यावर ठेवली. तिच्यावर थेंब दिसला नाही, पण आतलं कुणाला दिसतंय. बोर्ड कडेला धरून बाहेर काढला, पाणी टिपलं, हळद मऊ ब्रशनं झाडली.

"आता लावून बघ की," आत्ती म्हणाली.

"ओल्यात वीज सोडली तर सगळंच जळंल. वाळू दे. आणि चुलीपाशी न्यायचं न्हाय हां."

दसरा तसाच गेला. खोलीत पंखा हळू फिरत होता, झेंडूचा वास सुटलेला, आणि फडक्यावर ती डबी निजलेल्या लेकरासारखी पडलेली. आत्ती तिच्याशेजारी बसून राहिली. दुपारी माझा डोळा लागला. स्वप्नात मामंजी त्या हिरव्या बोर्डावरून चालत होते, शेतातनं चालावं तसे, हातात किटली, पायाला हळद. मी हाका मारत होते आणि ते खोकत होते. बोलायच्या आधी खोकायची त्यांची सवयच होती. जागी झाले तर उशी ओली.

"वर्षे," आत्ती खाली बघत म्हणाली, "आवाज गेला आसंल तर मला तसं सांगू नगंस. मशीन बिघडलंय म्हण."

मी उठून उगाच ब्रश धुतला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, बोर्डाचा कोपरा न कोपरा उजेडात तपासला. कुठं ओल नव्हती. सगळं जोडलं, झाकण लावलं, शेवटी पिन घातली. आत्तीनं डोळे मिटून घेतले. मी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा बराच वेळ काळाच राहिला, मग निळा झाला.

मी फाईल उघडली. काहीच नाही. मग खोकला.

"सूचना. गाईचं आणि म्हशीचं दूध एका किटलीत आणू नये. संस्था बंद व्हायच्या आत सर्वांनी यावं. उशीर करू नये."

मी न विचारता पेन ड्राइव्ह लावला. आत्तीनं तो बघितला, पण अडवलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघून म्हणाली,

"येते की. जरा दम धरा."