गळ्याएवढ्या पाण्यात

शहात्तराव्या वर्षी मी माझ्याच पाण्यात उतरायला पर्यटकांच्या बोटीत बसून गेले. ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. एरवी मलाही आलं असतं, पण त्या सकाळी त्रोगीरच्या धक्क्यावर उभी असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: विंका आज पाण्यात उतरेल की नाही.

विंका, पेरिना आणि मी, तिघी एकाच बेटाच्या एकाच कोपऱ्यात जन्मलो. घरांच्या खाली समुद्र, समोर दोन टीचभर बेटं, आणि त्यांच्या मधे पांढऱ्या वाळूवरचं उथळ, निवांत पाणी. बोटवाले आता त्याला ‘निळं लगून’ म्हणतात. आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणायचो. लग्न होऊन मी समोरच्या किनाऱ्यावर, त्रोगीर गावात आले, तरी उन्हाळा लागला की बेटावर जायचे. रोज सकाळी आम्ही तिघी गवती टोप्या घालून गळ्याएवढ्या पाण्यात उभ्या. पोहणं हे पोराटोरांचं काम. आम्ही उभ्या राहायचो आणि बोलायचो. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या तेलाला खवट वास येतो, कुणाचा नवरा कुणाच्या अंजिराखाली दिसला, सगळ्याचा निकाल चर्चची दुपारची घंटा होईपर्यंत पाण्यातच लागायचा. नियम एकच होता. एकीचं बोलणं चालू असताना दुसरीनं बाहेर पडायचं नाही. एकदा विंकाने सासूची गोष्ट इतकी लांबवली की पेरिनाचे ओठ जांभळे पडले, पण ती जागची हलली नाही. बाहेर आल्यावर मात्र तिने विंकाला जे काय ऐकवलं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

पेरिना चार वर्षांपूर्वी गेली. तिचा मुलगा रोको, त्याचीच ही बोट. उन्हाळाभर सकाळी एक खेप, दुपारी एक, अर्ध्या दिवसाची सहल. आई गेल्यावर त्याने तिचा एक जुना फोटो मोठा करून धक्क्यावरच्या आपल्या टपरीवर लावला. निळं पाणी आणि त्यात तीन टोप्या. त्याला वाटलं, आईची आठवणही होईल आणि गिऱ्हाईकही येईल. विंकाला कळलं तेव्हा ती म्हणाली, “आईचं डोकं विकायला काढलंय मेल्याने.” आणि त्याच दिवशी तिने शपथ घेतली, की त्या पाण्यात एक जरी बोट उभी असेल तरी मी पायाचा अंगठाही बुडवणार नाही. मला विचाराल तर त्या फोटोत माझी टोपी फार छान दिसते. पण हे विंकाला सांगायची सोय नव्हती.

तेव्हापासून आमचं पाण्यातलं बोलणं फोनवर आलं. रोज संध्याकाळी, माझी भांडी झाली की. यंदाच्या हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात घसरली, मनगट मोडलं, आणि रात्रभर फरशीवर पडून राहिली. सकाळी पोस्टमन आला म्हणून वाचली. त्या कोपऱ्यात आता तिच्याशिवाय कुणी राहत नाही. तिच्या मुलीने, नेलाने, ठरवूनच टाकलं: ऑगस्टमधला मारियामातेचा मोठा सण झाला की आईला ओसियेकला न्यायचं, कायमचं. ओसियेक देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे समुद्र नाही. नदी आहे म्हणतात, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाची.

नेलाचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझी मुलगी असती तर तिनेही हेच केलं असतं. पण मला मुलगी नाही, नवरा कधीच गेला, आणि माझ्याशी रोज बोलणारं माणूस म्हणून या जगात एक विंका उरली आहे. ती जायच्या आत एकदा तिच्याबरोबर पाण्यात उभं राहायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

“मी येते,” मी फोनवर म्हटलं.

“ये की. फेरीनं ये, माणसासारखी.”

“फेरी पलीकडच्या बंदराला लागते. मधे डोंगर आहे. माझा गुडघा लोखंडाचा झालाय, विंका.”

“मग लोखंडानं चाल.”

“रोकोच्या बोटीनं येते. तू घराखालच्या शिडीनं पाण्यात उतर. एकदा उभ्या राहू, शेवटचं.”

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मला वाटलं, विरघळली.

“माझी शपथ तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

“माझ्यासाठीसुद्धा नाही मोडणार?”

“बोटीतून येतेस ना? मग तूही बोटवालीच.” आणि तिने फोन आपटला.

सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी बाई. मीही काही कमी नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिच्या आवडीच्या क्रोश्तुला तळायला घेतल्या. कणकेच्या पट्ट्यांना गाठ मारून तळायचं आणि वर साखर भुरभुरायची. डबा भरला, टोपीचा बंद शिवला आणि धक्क्यावर जाऊन उभी राहिले.

“तेता दोब्रिला, हात दे,” रोको बोटीतून म्हणाला. त्याला पंचेचाळिशी उलटून गेली, पण तो अजून मला तेताच म्हणतो. मावशी म्हणायला हक्काचा तेवढा एकच उरलाय.

“हात कशाला? मी काय पाहुणी आहे?” मी म्हटलं. आणि मग मुकाट्याने हात धरला, कारण गुडघा माझं ऐकत नव्हता.

बोटीत सगळी जोडपी. कुणी कुणाच्या पाठीला मलम चोळतंय, कुणी कुणाचे फोटो काढतंय. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी डबा ठेवला. समोर एक नवं लग्न झालेली पोर बसली होती, परदेशी. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि रोकोला काहीतरी विचारलं.

“तेता, ती विचारतेय, तू एकटीच आहेस का?”

“तिला सांग, पुढे माझी मैत्रीण वाट बघतेय.”

रोकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या पोरीला जे सांगितलं ते माझ्या वाक्यापेक्षा बरंच लांब होतं. ती नंतर हसली नाही. मला त्याचा रागच आला.

लगुनात शिरलो तेव्हा तिथे आधीच दोन बोटी उभ्या होत्या. वर विंकाचं घर. हिरव्या झडपा सगळ्या घट्ट लावलेल्या.

“आत असेल,” रोको म्हणाला. “आम्हाला बघितलं की लावून घेते. चार वर्षं मी रोज इथे येतोय, तेता. एकदाही तिला पाण्यात बघितलं नाही.”

“धक्क्याला लाव ना.”

“धक्का कुठला? हिवाळ्यातल्या वादळात गेला तो.”

खरंच, धक्का नव्हता. खडकांना काळे काटेरी गोळे चिकटलेले, पाऊल टाकायची सोय नाही. राहिली विंकाच्या घराखालची लोखंडी शिडी. ती सरळसोट उभी. लोखंडाच्या गुडघ्याने लोखंडाची शिडी चढवत नाही. म्हणजे ती खाली उतरली तरच भेट.

मी बोटीच्या मागून पाण्यात उतरले आणि हळूहळू आमच्या जागेवर गेले. पायांना वाळू लागली. ती तशीच होती, थंड, पायाखाली जरा सरकणारी. पाणी गळ्याशी आलं आणि माझा गुडघा दुखायचा थांबला. आजूबाजूला माणसं उड्या मारत होती, किंचाळत होती. कुणीतरी माझ्या टोपीचा फोटो काढला. काढू दे. टोपी घातलेली म्हातारी समुद्रात खांबासारखी उभी, असं त्यांच्याकडे बघायला मिळत नसेल.

“विंका!” मी हाक मारली. “मी आलेय!”

झडपा हलल्या नाहीत. पण त्या पाण्यातून साधं बोललेलंही वर ओट्यावर ऐकू जातं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आईच्या शिव्या उलट दिशेने तशाच यायच्या.

“बरं, नको येऊस. ऐक तरी!”

आणि मी बोलायला लागले. एकटी, बंद झडपांशी. बेकरीतली लुक्रे साठाव्या वर्षी लग्न करतेय, तेही अकॉर्डियन वाजवणाऱ्या त्या टकल्याशी, आणि त्याचे दात त्याचे नाहीत. पाद्रीबाबांनी स्कूटर घेतली आणि पहिल्याच दिवशी मासळीवालीच्या टोपल्यात घातली. टोपल्यातले खेकडे सुटून चर्चच्या पायऱ्यांवर गेले, तर बाबा म्हणतात कसे, निदान कुणीतरी आलं. एरवी यावर विंका खिंकाळली असती. तिचं हसणं घोड्यासारखं आहे. मी थांबून वाट बघितली. हसायला कुणी नव्हतं. जवळून एक फुगवलेला गुलाबी पक्षी तरंगत गेला, त्यावर एक बाई झोपली होती.

मग खरं बोलायचं ते बोलायला घेतलं. घरी शंभरदा घोकलं होतं. की विंका, तू गेल्यावर संध्याकाळी फोन केला तर तू नेलाच्या बैठकीत बसलेली असशील, जावई टीव्ही बघत असेल, आणि तू म्हणशील, सगळं ठीक आहे, आणि फोन ठेवशील. आपण दोघी कधी ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्यातल्या नव्हतो. की मला भीती वाटते. की मी आत्ताच कधीकधी चुलीशी बोलते.

“विंका,” मी म्हटलं, “तू ओसियेकला गेलीस की मी...”

आणि रोकोचा भोंगा वाजला. त्या दोन बोटी कधीच निघून गेल्या होत्या, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्या बोटीतले सगळे पंचे गुंडाळून बसले होते आणि माझीच वाट बघत होते. बोलणारीच मधे बाहेर पडली, असं आमच्या पाण्यात कधी झालं नव्हतं. मी झडपांकडे शेवटचं बघितलं. मग पाठ फिरवली.

रोकोने मला ओढून वर घेतलं. त्या नव्या नवरीने न विचारता माझ्या खांद्यावर तिचा पंचा टाकला. डबा तसाच रिकाम्या जागेवर होता. मी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यातून पाणी गळत राहिलं. मला विंकाचा इतका राग आला होता की रडूसुद्धा येत नव्हतं. शपथ महत्त्वाची, मी नाही. ठीक आहे. जा ओसियेकला. बस त्या कॉफीत.

बोट दोन बेटांच्या फटीतून सावकाश बाहेर पडली.

“तेता,” रोको म्हणाला. “मागे बघ.”

शिडीवर विंका होती. एका हाताने दांडा धरलेला, मोडलेला हात छातीशी, डोक्यावर काळ्या फितीची टोपी. एक पायरी उतरायची, थांबायची, पुढची उतरायची. बोटीत बाकी कुणाचं लक्षच नव्हतं. मी मात्र तिची एकेक पायरी मोजत बसले. ती कमरेपर्यंत गेली, खांद्यापर्यंत गेली, आणि मग पाण्यावर नुसती टोपी राहिली. ती टोपी हळूहळू वाळूवर आमच्या जागी आली. विंका तिच्या जागेवर उभी राहिली. उजवीकडची माझी जागा तिने मोकळी सोडली होती.

पाण्यात एकही बोट नव्हती. शपथ मोडली नव्हती तिने.

रोकोने सुकाणू फिरवलं. “वळवतो.”

“वळवू नकोस.”

“अगं तेता, दोन मिनिटांचं काम...”

“बोट आत शिरली की ती बाहेर पडेल. तू ओळखत नाहीस तिला? इंजिन बंद कर.”

त्याने इंजिन बंद केलं. बोट डुलत राहिली. मी ओली टोपी परत डोक्यावर चढवली आणि कठड्याला धरून उभी राहिले, तिला दिसावी म्हणून.

मग तिचा चांगला हात पाण्याबाहेर आला. एकदा डावीकडे गेला, एकदा वर. बोटं आपटली, पाणी उडालं. विंकाला हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही, तो बाहेर आला म्हणजे ती बोलत होती. लुक्रेच्या लग्नाचं बोलत असेल, पाद्रीबाबांचं बोलत असेल. मी अर्धवट सोडलं त्याचंही कदाचित. झडपांमागे बसून तिने सगळं ऐकलं होतं. मला मात्र तिचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. मधे फार पाणी होतं.

मागे कुणीतरी घड्याळ बघून काहीतरी पुटपुटलं.

“जेवायची वेळ झालीय त्यांची,” रोको हळूच म्हणाला.

मी डबा उचलून त्याच्या हातात दिला. “वाट सगळ्यांना.”

“हे तर विंकातेतासाठी...”

“वाट म्हणते ना.”

त्याने झाकण काढलं, पण तो गेला नाही. त्यालाही त्या टोपीवरून नजर हलवता येत नव्हती. शेजारी कधीतरी त्याच्या आईची टोपी असायची.

“तेता, किती वेळ थांबायचं?”

“तिचं बोलून होईपर्यंत,” मी म्हटलं.