मागितला होता पूल

मित्रांनो, मी रेल्वेच्या फाटकाचा खांब. आताशा जुना झालोय. माझ्या डोक्यावर घंटा आहे, छातीवर दोन लाल दिवे आहेत आणि कमरेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा लांब दांडा आहे. गाडी यायची झाली की घंटा वाजते, दिवे उघडझाप करतात आणि दांडा रस्त्यावर आडवा येतो. एवढंच माझं काम. ते मी आजवर कधी चुकवलेलं नाही. तरीही आमच्या वेनफोर्ड शहरात माझ्याइतक्या शिव्या कुणी खात नसेल.

मला ओहायोतल्या एका कारखान्यात घडवलं आणि उघड्या ट्रकवर आडवं घालून इकडे इलिनॉयमध्ये आणलं. मी येण्याआधी या रस्त्यावर नुसती एक लाकडी फुली उभी होती. ती पाहून लोकांनी आपलं आपण थांबायचं, आणि जे थांबले नाहीत त्यांची नावं चर्चमागच्या दगडांवर कोरलेली आहेत. म्हणून मी उभा राहिलो त्या दिवशी चर्चच्या बायकांनी माझ्यापाशी टेबल मांडून कॉफी आणि डोनट वाटले. आया मुलांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, हा खाली आला की जागचं हलायचं नाही. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तेव्हाच्या गाड्या आखूड होत्या. यायच्या, खडखड करत जायच्या, मी दांडा वर घ्यायचो आणि लोक आपल्या वाटेला लागायचे. मग मालगाड्यांची लांबी वाढत गेली. पुढच्या जंक्शनात जागा नसली की त्या मागेच थांबतात, आणि नेमक्या माझ्यासमोर थांबतात. कधी एखादं जेवण उरकावं इतका वेळ, कधी अख्खी दुपार. रुळांच्या उत्तरेला इस्पितळ, अग्निशमन केंद्र, मोठी शाळा आणि नगरपालिका. दक्षिणेला नुसती माणसं. गाडी थांबली की दक्षिणेची माणसं कोंडली जातात आणि त्या कोंडवाड्याचं दार म्हणून मी आडवा पडून राहतो. माझी इच्छा कुणी विचारत नाही.

थांबलेल्या मोटारींच्या काचा खाली असतात, म्हणून शहराचं राजकारण मला घरबसल्या कळतं. दर हिवाळ्यात आमची नगरपरिषद बसते आणि यंदा वॉशिंग्टनकडे काय मागायचं ते ठरवते. रेल्वेला थांबू नको म्हणण्याचा किंवा दंड करण्याचा अधिकार शहराला नाही, तो कायदा वॉशिंग्टनचा. पूल बांधण्याइतका पैसाही वॉशिंग्टनकडेच. तिथे शहराने व्हिटलॉक नावाचा एक माणूस पगारावर ठेवलाय. खासदारांची दारं ठोठावायची आणि वेनफोर्डचं गाऱ्हाणं घालायचं, हा त्याचा धंदा.

दक्षिण भागातून परिषदेवर निवडून येणाऱ्या बाई म्हणजे ओडेसा प्रुइट. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्यांचा आवाज हाकेच्याही पलीकडे जाणारा होता. त्यांना एकच गोष्ट हवी होती. माझ्या डोक्यावरून जाणारा पूल. तो झाला की मला उखडून भंगारात टाकणार हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी मनातून त्यांच्याच बाजूचा होतो.

एकदा ओडेसाबाई आणि महापौर गनर लिंडक्विस्ट शेजारशेजारच्या मोटारीत माझ्यासमोर अडकले. दोघांची ओळख शाळेपासूनची.

"हे बघ ओडेसा, उगीच चिडू नकोस. पूल आहे ना यादीत. पहिल्या प्राधान्यातच आहे."

"आणि नदीकाठचा रस्ता?"

"तोही पहिल्यातच."

"जलशुद्धीकरण? विमानतळाची धावपट्टी?"

"तीही. कुणाला दुखवायचं कशाला?"

"गनर, तुला चार पोरं. चारही थोरलीच का रे?"

महापौर हसले. माणूस वाईट नव्हता. उलट इतका सभ्य होता की कुणाला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांच्या या सभ्यपणापायी पुलाचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं. मला त्यांचा राग यायचा, पण करता काय, मी खांब.

मग एका ऑक्टोबरात ओडेसाबाईंच्या नवऱ्याला, व्हर्नेलला, हृदयविकाराचा झटका आला. व्हर्नेल निवृत्त होईपर्यंत शाळेची बस चालवायचा आणि माझ्यापाशी थांबला की मुलांना घंटेच्या तालावर गाणी म्हणायला लावायचा. त्या दिवशी मालगाडी उभी होती. रुग्णवाहिका उत्तरेला येऊन थांबली, दिवे फिरवत राहिली. शेवटी तिच्यातली एक धिप्पाड बाई पिशवी पाठीला लावून दोन डब्यांच्या मधल्या जोडावर चढली. त्याच क्षणी गाडीने झटका दिला असता तर बाई उरली नसती. ती पलीकडे उतरली, पळत गेली आणि व्हर्नेल वाचला. मी मात्र त्या सगळ्या वेळात घंटा वाजवत होतो, जणू कुणाला माझीच गरज होती.

त्या हिवाळ्यातली परिषदेची सभा मी एका ट्रकवाल्याच्या रेडिओवर ऐकली. ओडेसाबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझा नवरा जिवंत आहे तो एका बाईच्या धाडसामुळे. ती पुढच्या वेळी सुट्टीवर असू शकते. यंदा एकच गोष्ट पहिली लिहा, बाकीच्यांना खाली नंबर द्या." सगळ्यात आधी महापौरांचा होकार ऐकू आला आणि ठराव झाला. पहिला क्रमांक आमचा. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण वॉशिंग्टनला मजकूर जाण्याआधी व्हिटलॉकचा महापौरांना फोन आला, तोही ते माझ्यासमोर थांबलेले असताना. मोटारीतल्या स्पीकरवर त्याचा गुळगुळीत आवाज आला. "साहेब, 'पूल' नका लिहू. पूल म्हटलं की समोरचा माणूस खर्चाचा आकडा विचारतो आणि दार लावून घेतो. 'फाटक परिसरातील सुधारणा' असं लिहा. दार उघडलं की आत जाऊन पुलाचं बोलू."

महापौरांना ते पटलं. "हो, जरा सौम्यच बरं दिसतं," ते म्हणाले.

मला ओरडायचं होतं. पण माझ्याकडे घंटेखेरीज दुसरा आवाज नाही, आणि ती तर आधीपासून वाजतच होती.

वसंतात खासदारांच्या कार्यालयातून केंडल नावाची तरुण सहायिका पाहणीला येणार असं ठरलं. ओडेसाबाईंनी वेळही विचार करून दुपारची निवडली, कारण दुपारी गाडी हमखास अडकते. त्या दिवशी त्या ठेवणीतली हॅट घालून आल्या. व्हर्नेल घडीच्या खुर्चीत बसला. महापौर आले, केंडलही आली. सगळे माझ्या पायाशी उभे राहून रुळांकडे बघत राहिले.

गाडी आली नाही. एकही नाही. मोटारी सुरळीत इकडून तिकडे जात होत्या. कॉफी संपली. केंडलने तीनदा घड्याळ पाहिलं आणि शेवटी हसून म्हणाली, "वाहतूक तर छान चाललीय की."

"रोज असं नसतं," ओडेसाबाई म्हणाल्या. "गनर, आज रेल्वेला झालंय काय?"

महापौरांचा चेहरा उजळला. "अगं, मी रीतसर कळवलं होतं त्यांना. पाहुणे रुळांजवळ उभे राहणार, परवानगी नको का घ्यायला? फार सहकार्य केलं त्यांनी. म्हणाले, निश्चिंत राहा, त्या वेळात एकही गाडी सोडत नाही."

ओडेसाबाईंनी हॅट काढली आणि हातात धरली. "गनर," त्या हळू म्हणाल्या, "तू चोराला विचारून पंचनामा ठेवलास रे."

महापौर गोरेमोरे झाले. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या गवतावर पाऊल न टाकणारा माणूस तो. ते आणि ओडेसाबाई केंडलला परोपरीने समजावत राहिले, आणि ती बिचारी मान डोलवत सगळं टिपून घेत राहिली. जाताना तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझा रंग उडाला होता आणि एका दिव्याची काच तडकली होती. "हे फाटक मात्र खरंच जुनं झालंय," ती म्हणाली, आणि तेही टिपलं. तिची मोटार टेकडीआड गेली आणि थोड्याच वेळात पहिली मालगाडी येऊन माझ्यासमोर थांबली.

पुढच्या वर्षी वॉशिंग्टनहून निधी मंजूर झाला. 'फाटक परिसरातील सुधारणा' मागितल्या होत्या, त्या मिळाल्या. मला नवा रंग लागला, नवे झगझगीत दिवे आले, घंटेचा आवाज मैलभर जाईल असा झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय? माझ्या दांड्याला फीत बांधून समारंभ झाला, व्हिटलॉक खास विमानाने आला आणि माझ्यासोबत फोटो काढून गेला. इतकी माझी वाहवा जन्मात कधी झाली नव्हती. मला लाज वाटत होती.

ओडेसाबाई समारंभाला आल्या नाहीत. व्हर्नेलला दुसरा झटका येऊन गेला होता, सौम्य होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, इस्पितळाजवळ राहायला या. पण परिषदेचा नियम असा की ज्या भागातून निवडून आलात तिथेच राहायचं. घर हललं की खुर्ची गेली.

सामानाचा ट्रक पुढे गेला आणि मागून येणारी त्यांची मोटार मालगाडीपायी माझ्यासमोर अडकली.

"मी एकटा जातो ना," व्हर्नेल म्हणाला. "तू राहा इथं. तू गेलीस तर पुलाचं नाव कोण घेणार?"

"आणि तुला काही झालं तर मी कुठून येऊ? डब्यांवर चढून?"

"चढशील तू. तुझा काही भरवसा नाही."

"गप बस," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. गाडी हलली, मी दांडा वर घेतला, तरी त्यांची मोटार जरा वेळ जागेवरच राहिली. मग गेली.

यंदाच्या हिवाळ्यातली सभा मी पुन्हा कुणाच्या तरी रेडिओवर ऐकली. महापौर विषय वाचत होते. नदीकाठचा रस्ता, धावपट्टी, जलशुद्धीकरण. दक्षिण भागाची खुर्ची रिकामी असल्याचं हजेरीतच कळलं होतं. शेवटचा विषय त्यांनी खालच्या आवाजात वाचला, "फाटक. काम पूर्ण झाले."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, अशाच कुठल्या तरी सभेत बसाल. तेव्हा जे हवं असेल ते त्याच्याच नावाने मागा. पूल हवा असेल तर पूल म्हणा, समोरच्याने दार लावलं तरी म्हणा. आणि इकडून कधी गेलात तर माझा रंग पाहून मला छान म्हणू नका. मला इथून काढा. दक्षिणेला अजून माणसं राहतात.