सुतळीनं मोजलेलं टोरांटो

पिशोरच्या पुंजारामांनी चाळीस वर्षं मोजणीदार म्हणून शिवारं मोजली. त्यांनी बांध ठरवला की मुंग्यासुद्धा आपापल्या गटातूनच चालायच्या, असं ते स्वतःच सांगत. अशा माणसावर भावजयीच्या भावानं, विश्वजीतनं, फेरमोजणी आणली आणि भर चावडीसमोर दोन फुटांची लबाडी उघडी पाडली. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की पुंजारामांना घास कडू लागे.

आता पुतणी श्रेयाचं लग्न निघालं. धाकटा भाऊ हयात नाही, तेव्हा तारीख धरायचा मान पुंजारामांचा. पण नवरीच्या पाठीशी उभा राहणार तिचा मामा, म्हणजे तोच विश्वजीत, थेट टोरांटोहून येऊन! पुंजारामांनी मनाशी ठरवलं: ती जागा त्याला द्यायची नाही. तिथं आपणच उभं राहायचं.

विश्वजीतला सुट्टीच शुक्रवारी रात्रीपासून होती, तेव्हाच तो निघणार होता. पुंजारामांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर टाचण्या टोचून सुतळी ताणली. टोरांटो ते दिल्ली, नाकासमोर सरळ. सतरा हजार किलोमीटर भरले. म्हणजे विमानाला वीस तास. घड्याळातला फरक धरला तर गडी रविवारी पहाटे दिल्लीत. बॅगा आणि शिक्क्यांच्या रांगेत संभाजीनगरचं सकाळचं विमान हुकणार, पुढचं संध्याकाळी. त्यांनी रविवारचा बारा पस्तीसचा मुहूर्त धरला.

"भाऊजी, सोमवारचाबी मुहूर्त हाय की," भावजय चतुराबाई म्हणाली. "माझा भाऊ निवांत पोचंल."

"तुझ्या भावासाठी सूर्य थांबवू का?"

चतुराबाईनं भिंतीवरची सुतळी नीट पाहून घेतली.

रविवारी संभाजीनगरच्या वाळूज रस्त्यावरच्या हॉलात पुंजाराम नवा फेटा बांधून सकाळपासून स्टेजवर ठाण मांडून होते. साडेअकराला विश्वजीत आत आला. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा.

"तू? आत्ता?"

"चौदा तासांत दिल्ली, पाव्हणं. रात्री झोप काढली, सकाळचं विमान धरलं. ताईनं तुमच्या सुतळीचा फोटो धाडला तवा लई हसलो. आवो, धरती गोल हाय! विमान उत्तरेकडून, वरल्या अंगानं येतं, पावणेबारा हजारांत. कागदावर पाच हजार किलोमीटर वाढवले तुम्ही. बांधाला तर दोनच फूट होतं!"

हॉल खदाखदा हसला. पुंजाराम पाय रोवून नवरीमागं उभे राहिले.

"बर्फ खाऊन माजलास व्हय रं? घरचा कर्ता मी. इथून हलणार नाय."

श्रेयानं मागं वळून पाहिलं. "मोठे आबा, सरका. नायतर मी हार घालणार नाय."

नवरदेवाचा बाप उठून उभा राहिला. पुंजाराम दातओठ खात खाली उतरले आणि पहिल्या रांगेत येऊन त्यांनी दोन्ही मुठी अक्षतांनी भरल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. लोक वधूवरांवर अक्षता टाकत होते. पुंजाराम प्रत्येक 'सावधान'ला विश्वजीतच्या डोळ्यांचा नेम धरून मारत होते. चौथ्या खेपेला दाणा बरोबर लागला. विश्वजीतच्या डोळ्यातून पाणी आलं, पण भाचीच्या खांद्यांवरचे हात त्यानं काढले नाहीत.