दोन गच्च्या

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बिजागर तुटलंय, त्यामुळे भिंतीला टेकल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. पडद्यावर उजवीकडे एक जांभळी रेघ कायमची मुक्कामाला आली आहे. माझ्याकडे बघून आता कुणी 'वा' म्हणणार नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पण माझ्यासमोर बसून एक बाई वर्षानुवर्षं लिहीत आली. तिचं काय झालं ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. तिथलं मला फक्त पांढऱ्या दिव्यांचा उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं एवढंच आठवतं. पहिली काही वर्षं एका कचेरीत आकडेमोड करण्यात गेली. मग तिथे नवे लॅपटॉप आले आणि मी दुरुस्तीवाल्याच्या फळीवर जाऊन पडलो. त्याने मला पुसून-पासून काचेत ठेवलं. तिथे ती आली.

"चालेल ना हो हा?" तिने विचारलं.

"ताई, तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त चालेल," दुरुस्तीवाला म्हणाला.

ती हसली आणि मला घरी घेऊन आली. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत तिचे बाबा, दुसऱ्या खोलीत ती आणि खिडकीपाशी मी. दिवसभर ती एका कार्यशाळेत दातांच्या कवळ्या बनवायची. मेण, साचे, गुलाबी हिरड्या, आणि सगळीकडे पांढरं प्लास्टर. संध्याकाळी तिच्या नखांतलं ते प्लास्टर माझ्या कळांमध्ये उतरायचं. बाबांची उमेदीची वर्षं लाकूड कापायच्या कारखान्यात गेली होती. करवतीच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. एक वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागे, म्हणून घरातलं बोलणं हळूहळू आटत गेलं होतं. जेवायला वाढलंय, गोळी घ्या, दार लावून घेते. बस, एवढंच.

उरलेलं सगळं ती माझ्यापाशी लिहायची.

त्या काळी इंटरनेटवर लिहिणाऱ्यांची एक नवीन जागा सुरू झाली होती. तिथे लिहिलेलं एका कंपनीच्या कपाटात राहत नसे. ते हजारो संगणकांवर साखळीच्या कड्यांसारखं जोडून ठेवलं जाई, म्हणून कुणालाही ते पुसता येत नसे. याला ब्लॉकचेन म्हणतात, असं ती बाबांना एकदा सांगायला गेली. बाबा म्हणाले, "कुणाची चेन गेली?" तिने नाद सोडला.

त्या जागेवर एक गृहस्थ भेटले. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि तिथे ते 'कंदील' या नावाने लिहायचे. हिने 'कवळी' हे नाव घेतलं. दोघांनी मिळून एक गट काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'गच्ची'. बघता बघता गच्ची भरली. एक मास्तरीणबाई आल्या, एक रुग्णवाहिका चालवणारा आला, कुणी कुठला, कुणी कुठला. हिने एकदा लिहिलं की एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने पुढच्या दोन दातांमधली फट कवळीत तशीच ठेवायला सांगितली, नाहीतर बायको ओळखणार नाही म्हणाला. त्या लेखाखाली माणसं दिवसभर येत राहिली. त्या संध्याकाळी तिने माझा पडदा ओढणीच्या टोकाने पुसला. मित्रांनो, आमच्यासारख्यांना कौतुक असंच मिळतं, मालकाला मिळालेल्यातलं थोडंसं.

दर रविवारी गच्चीवरची मंडळी माझ्यातून एकमेकांशी बोलायची. त्या दिवशी ती केस विंचरून बसायची, खरं तर कुणाला ती दिसत नसे तरीही.

मग एक दिवस ती जागा चालवणारी कंपनीच एका धनवान माणसाने विकत घेतली. कुणाचं लिहिणं वर दिसावं, कुणाचं दाबलं जावं, हे आता त्याच्या हाती जाणार असं बोललं जाऊ लागलं. काही जाणत्या लोकांनी त्या साखळीची जशीच्या तशी नक्कल केली आणि दुसरी जागा उघडली. वाटणी झाली की भांडी वाटली जातात. इथे मात्र सगळी भांडी दोन्हीकडे गेली, आणि माणसं वाटली गेली.

शेवटचा रविवार मला अजून आठवतो.

"इथे राहिलो तर उद्या आपल्याच गच्चीवर आपण पाहुणे होऊ," कंदीलकाका म्हणाले. "चला सगळे. आपलं जुनं लिखाण तिकडे आधीच पोचलंय."

"लिखाण पोचलंय हो काका, पण ज्यांना हे सगळं जमणार नाही त्यांचं काय?" ती म्हणाली. "मास्तरीणबाईंना साधा पासवर्ड सापडत नाही. त्या इथे येतील आणि कुणीच दिसणार नाही."

"एक-दोघांसाठी सगळ्यांनी अडून बसायचं का?"

"तुम्ही जा. मी थांबते."

"ताई, तू हट्ट करतेयस."

"असेल हट्ट. तुम्ही मात्र पळताय."

हा शेवटचा शब्द तिने बोलायला नको होता. मग एकेक आवाज निघून गेला, आणि तिने माझं झाकण हळूच मिटलं.

ती थांबली. मास्तरीणबाई काही दिवस आल्या, मग त्यांचा भाचा त्यांना नव्या जागी घेऊन गेला. रुग्णवाहिकेवालाही गेला. ती मात्र दर रविवारी लिहीत राहिली. खाली एकही शब्द येत नसे. कधी आलाच तर काहीतरी विकणाऱ्याचा. लिहून झालं की ती तशीच बसून राहायची, कुणीतरी जिना चढून येईल अशी.

आणि रोज संध्याकाळी ती गुपचूप नव्या गच्चीवर जायची. कंदीलकाकांचं सगळं वाचायची. खाली लिहायची, "काका, हे फार छान उतरलंय." मग एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसून टाकायची. 'माफ करा' हे दोन शब्द तर तिने माझ्यावर किती वेळा लिहिले असतील! साखळीवरचं कुणाला पुसता येत नाही म्हणतात. पण हे शब्द तिथवर पोचलेच नाहीत.

मग कंदीलकाकांचे लेख बंद झाले. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. शेवटी तिने लिहिलं, "काका, कुठे आहात?" आणि या वेळी पुसलं नाही.

उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. कंदीलकाकांना झटका आलाय, वाचा गेलीय, वाचताही येत नाही. ऐकलेलं मात्र कळतं असं वाटतं.

"मी वाचून दाखवू का त्यांना?" हिने विचारलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती माझ्यातून त्यांना वाचून दाखवू लागली. रिकाम्या गच्चीवर तिने जे लिहिलं होतं, जे कुणीच वाचलं नव्हतं, ते सगळं. माझा माइक तोवर पार थकला होता, म्हणून तिला जवळजवळ ओरडावं लागे. मला फार शरम वाटायची.

"तुम्ही थांबलात की बाबा पलंगाच्या दांडीवर बोटं वाजवतात," मुलगी म्हणाली. "आणखी वाचा म्हणतायत."

एकदा तिने मध्येच विचारलं, "काका, रागावला होतात का हो माझ्यावर?" पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. तेवढं एक तिला कधीच कळलं नाही.

एका सकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. "ताई, आता वाचायला नको," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर हिने मला उघडलंच नाही. माझ्यावर धूळ बसली. कुणीतरी कपड्यांची घडी ठेवली, मग दुसरी. खोलीत इतकी शांतता होती की बाबांची काठी मला पलीकडच्या खोलीतून ऐकू यायची. एका संध्याकाळी ती काठी आमच्या दारात येऊन थांबली.

"काय गं, वाचणं का बंद केलंस?" बाबा म्हणाले.

ती बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला ऐकू यायचं?"

"एवढी ओरडत होतीस, न यायला काय झालं? तो पूल रंगवणारा माणूस वर चढला होता. तिथेच थांबलीस तू. पुढे काय झालं त्याचं?"

तिने कपड्यांच्या घड्या बाजूला केल्या. मला भिंतीला टेकवून उभं केलं. बाबा स्टुलावर बसले आणि कानामागे हात धरला. ती वाचू लागली, आधी रडत, मग नीट.

मित्रांनो, कंदीलकाका परत आले नाहीत, आणि जुनी गच्ची अजूनही रिकामीच आहे. माझेही आता थोडेच दिवस उरलेत. मला जपा असं मी म्हणणार नाही, माझ्यासारखे पुष्कळ मिळतात. पण तुमच्या घरात कुणी खिडकीपाशी एकटं बसून काही लिहीत असेल, तर जाता जाता त्याच्या दारात जरा थांबा. लेखाचं कौतुक करता आलं नाही तरी चालेल. नुसतं विचारा, "पुढे काय झालं?"