बेलणेसाहेबाचा बस्ता

"नजर आल्यावर पोरगी बघतो. आंधळ्यानं कसली पोरगी बघायची?" असा सिरसाळ्याच्या आप्पांचा निरोप आला, आणि त्या निरोपापायी मी चौदाव्या वर्षी समुद्र पाहिला.

आप्पा म्हणजे मला ज्या घरात द्यायचं चाललं होतं तिथले कर्ते. त्यांच्या नातवाचं, बद्रीनाथाचं, स्थळ मला सांगून आलं होतं. पण आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते काढायला ते नातवाला घेऊन मुंबईला गेले आणि तिथंच महिनाभर अडकले. आमच्याकडे मात्र थांबायला वेळ नव्हता. आदल्या वर्षी माझं कुंकू लागलं होतं आणि हळदीच्या आठ दिवस आधी तो मुलगा मानमोडीच्या साथीत गेला. तेव्हापासून तीन घरांनी आम्हाला दारातून परत लावलं. पोरीचा पायगुण बरा नाही, असं तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण पाणी देऊन सगळे गप्प बसत. सिरसाळ्याखेरीज उरलेलं एकच स्थळ माजलगावचं. बिजवर, वय पंचेचाळीस, थोरली मुलगी माझ्यापेक्षा मोठी. त्यांना पायगुणाचं काही नव्हतं. पाडव्यापर्यंत हो-नाही कळवा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राधाकिशनरावांनी, कबूल केलं होतं.

आई बाळंत होती. म्हणून आबा, केसरआत्या आणि मी, असे तिघं तलवाड्याहून गाडी जुंपून निघालो. शहागडला नावेनं गोदावरी ओलांडली, जालन्याला आगगाडी धरली, मनमाडला बदलली. वाटेत निजामाच्या करोडगिरीवाल्यांनी, म्हणजे जकातवाल्यांनी, आमची गाठोडी सोडून पाहिली. भाकरी, चटणी आणि माझं एक चांगलं लुगडं. दोन दिवसांत मला एक घास गिळवला नाही. डब्याच्या चाकांतून मला एकच ऐकू येत होतं, हो-नाही, हो-नाही.

आप्पा धर्मशाळेत उतरले होते. एका खोलीत चार रोगी, तिथं मुलगी कशी दाखवायची? त्यातून तोड निघाली ती अशी. जालन्याला एका इटालियन कंपनीची कापसाची खरेदी होती. तिथल्या साहेबाचं नाव बेल्लोनी, आमचे लोक त्याला बेलणेसाहेब म्हणत. आप्पांचा कापूस वर्षानुवर्षं त्यालाच जाई आणि बद्रीनाथ त्याच्या जिनिंगवर कारकून होता. साहेब तेव्हा मुंबईतच होता. आप्पांना दिसायला लागलं हे कळल्यावर त्यानं हट्टच धरला की, माझ्या मुलुखाच्या माणसाची समुद्राकाठी खानावळ आहे, तिथं सगळ्यांनी जेवायला यायचं. आप्पांनी आबांना सांगितलं, "तिथं उजेड लई हाय. पोरगी तिथंच आणा."

"खानावळीत पोरगी दाखवायची?" आत्या उसळली. "आन् तीबी गोऱ्या सायबाच्या? तलवाड्यात तोंड दाखवायचं का न्हाई आपल्याला?"

"केसर," आबा म्हणाले, "पाडव्याला नऊ दिवस राहिलेत."

आत्यानं माझी वेणी इतकी घट्ट घातली की भुवया वर ओढल्या गेल्या.

खानावळ पहिल्या मजल्यावर होती. दुपारची वेळ. खिडक्यांतून नुसतं पाणी दिसत होतं. आमच्या गोदावरीला एक दिशा तरी असते. हे पाणी जागच्या जागी येरझाऱ्या घालत होतं. एक लाट परत जाते न जाते तोच दुसरी. मी खिडकीकडे पाठ होईल अशी बसायला बघत होते, पण आत्यानं मला बरोबर उजेडासमोर बसवलं. मेजांवर पांढऱ्या स्वच्छ चादरी होत्या. आत्या माझ्या कानात पुटपुटली, "अंथरूण घातलंय. आता जेवायचं का निजायचं?"

खुर्चीवर मी त्याआधी बसले नव्हते. पाय जमिनीला टेकेनात. लोंबकळलेला उजवा पाय आपोआप हलायला लागला, मेज हललं, काचेचे पेले एकमेकांवर वाजायला लागले.

"जहाज चाललंय का काय?" आप्पा म्हणाले.

आत्यानं मेजाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. आप्पा समोर बसले होते. थोराड, पांढऱ्या मिशा, गळ्यात माळ, कपाळावरून डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड. शेजारी बद्रीनाथ. तो ताटलीच्या काठावरचं निळं नक्षीकाम पाहत होता, जणू त्याला तेच पसंत करायला आणलं होतं.

जेवण आलं. लांबच लांब पांढऱ्या दोऱ्या, वर लाल कालवण, त्यावर कसलातरी कीस.

"शेवया हायेत की!" आत्याला बरं वाटलं. मग तिनं एक बोट लावून चाखलं. "आगं बया, खारट! गूळ कुठाय?"

आप्पांनी ताटली जरा लांब सारली. साहेब हसला. "सिर्फ गेहूँ है, आप्पा. गेहूँ और दूध. तुम्हारे गले का माला हमको मालूम."

मग आप्पांनी झापड वर सारली आणि मला म्हणाले, "वर बघ, पोरी. नाव काय?"

"शिवकन्या."

"शेवया येत्यात का करता? ह्या साहेबासारख्या न्हाई, आपल्या."

"येत्यात."

त्यांनी मला बराच वेळ पाहिलं. महिन्याभरापूर्वी ज्यांना माणूस आणि खांब सारखा दिसत होता, त्या डोळ्यांनी ते माझं नाक, कान, हात, एकेक करून पाहत होते. मग आबांकडे वळून म्हणाले, "ते आदलं पोरगं. कुंकू लागलंतं म्हणं."

 बोलली ती आत्या.

"लागलंतं, आप्पा. हळद न्हवती लागली. आन् मानमोडीनं काय एकटं तेच नेलं? निम्मा तलवाडा नेला. तो समदा हिच्याच पायानं गेला व्हय?"

"मी कुठं तसं म्हणलो, केसरबाई? मी म्हणतो, बघू."

बघू. सहा महिने निरोपांतून हाच एक शब्द येत होता. आता समोरासमोर बसूनही तोच. माझ्या डोळ्यांपुढे माजलगावचं घर उभं राहिलं. मी ते कधी पाहिलं नव्हतं, तरी दार, ओसरी, माझ्याहून मोठी ती मुलगी, सगळं दिसलं.

"नजर आली, बघून झालं, तरी बघूच," आत्या पदरात बोलली आणि उठली. मुलीकडचे आपण, पाहुण्यांना वाढायचं आपण, हे तिच्या हाडात होतं. खानावळ कुणाची, जेवण कुणाचं, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. वाढप्याच्या हातातलं भांडं तिनं ओढून घेतलं आणि आग्रह सुरू केला. आप्पांना दोन पळ्या. बद्रीनाथाला तीन. मग साहेबाला.

साहेबानं दोन्ही हात ताटलीवर धरले. "बस्ता! बस्ता!"

आत्या पळी हवेत धरून थांबली.

आमच्याकडे लग्नाच्या कापडखरेदीला बस्ता म्हणतात. बस्ता बांधला की सोयरीक पक्की, मग कुणी मागं फिरत नाही. ज्या बैठकीत हो-नाही अडून बसलंय, तिथं कुणी हा शब्द काढला म्हणजे त्यानं कौलच दिला.

"आप्पा," आत्या हळूच म्हणाली, "ऐकलं का? सायब बस्ता म्हणले."

"साहेब, क्या बोले?"

साहेब घामाघूम झाला होता. त्यानं पोटावर हात ठेवला. "बस्ता, आप्पा! बस्ता!"

आप्पा नातवाकडे वळले. "तू रोज असतोस ह्याच्यासंगं. काय म्हणतो ह्यो?"

बद्रीनाथानं पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडे बघितलं, एकदाच. त्याचे कान लाल झाले.

"बस्ता म्हणतेत, आप्पा."

 मग आप्पांनी मेजावर थाप मारली. "ताटावर बसून बोललेला शब्द हाय. माझ्यानं मोडवत न्हाई. उद्या सकाळी कापडबाजारात या, राधाकिशनराव."

आबांनी हात जोडले ते सोडायचे विसरले. आत्यानं साखर मागितली. वाढप्यानं साखरेचे चौकोनी खडे आणले. तेच सगळ्यांच्या हातावर ठेवून तिनं तोंडं गोड केली. साहेबानंही एक खडा खाल्ला आणि काय झालं ते न कळता सगळ्यांशी हस्तांदोलन केलं.

मी सुखात होते ती जिन्याच्या सोळा पायऱ्यांपुरती. उतरताना मागून बद्रीनाथ आला आणि माझ्याकडे न बघता बोलला. जन्मात त्यानं मला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"बस्ता म्हंजी त्यांच्यात बास. पुरे. जिनिंगवर दिवसाला शंभरदा म्हणतेत."

आणि पुढं निघून गेला.

हे त्यानं मला का सांगितलं? मी नको म्हणावं म्हणून? की त्याच्या एकट्याच्या छातीत ते मावेना म्हणून? आप्पांना कळलं तर सोयरीक तर मोडणारच, वर फसवणूक केली म्हणून आमची सिरसाळ्यापर्यंत नाचक्की. आमच्या उताऱ्यावर आत्या गुणगुणत गाठोडं बांधत होती. मी तिला विचारलं, "आत्या, साहेब खरंच बस्ता म्हणले?"

"माझ्या ह्या कानांनी ऐकलं की! तू कावून विचारतीस?"

तिच्या मनात काही खोट नव्हती. मी काही सांगितलं नाही. दिवस उजाडेपर्यंत शंभरदा कूस बदलली.

कापडबाजारात आप्पांनी साहेबालाही बोलावलं होतं. ज्याच्या तोंडून बस्ता निघाला, पहिलं लुगडं त्यानंच हातात द्यायचं. दुकानात गादीवर आम्ही बसलो आणि दुकानदाराचा गडी लुगड्यांच्या घड्या झेलून समोर उलगडायला लागला. हिरवी, डाळिंबी, काळी चंद्रकळा. ढीग वाढत चालला. साहेबाला कुठंतरी जायची घाई होती. त्यानं गड्यापुढं दोन्ही हात केले. "बस्ता, बस्ता!"

तो गडी बंदरावरच्या गोऱ्या गिऱ्हाइकांत मुरलेला, त्यांचे शब्द ओळखणारा. त्यानं लगेच हात आवरला आणि घड्या घालायला घेतल्या.

आप्पांनी झापड वर केली. गड्याकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, मग बद्रीनाथाकडे. तो दुकानाच्या आढ्याकडे बघत होता. आप्पांनी त्याला काही विचारलं नाही.

"पोरी, हिकडं ये."

मी गेले. आबा आणि आत्या काठाच्या रुंदीवरून वाद घालत होते.

"ह्यो साहेब बास म्हणतो. न्हाई का?"

ठाऊक नाही म्हणता आलं असतं. चौदा वर्षांच्या पोरीला कोण धरणार? पण इतक्या जवळून ते डोळे बघत होते, आणि कालपासून माझं डोकं नुसतं भणभणत होतं. एकदाचं संपू दे, असं झालं.

"व्हय, आप्पा. बासच म्हणतेत."

"कालच ठावं व्हतं तुला?"

"जेवताना न्हवतं. मागून, जिन्यात कळालं."

"कुणाकडनं?"

 आप्पांनी पुन्हा नातवाकडे बघितलं.

"म्हंजी मी इचारलं तवा त्याला ठावं व्हतं." हे ते मला विचारत नव्हते. मी पायाखालच्या गादीची शिवण बघत उभी राहिले. आता माजलगाव.

"सा महिने," आप्पा म्हणाले, "सा महिने इचारतोय ह्याला, ही पोरगी करायची का? 'तुमी म्हणाल तसं, आप्पा.' दुसरं बोलणंच न्हाई. मला वाटलं, ह्याच्या मनात न्हाई. बळंच कशाला गळ्यात बांधा, म्हणून मी आपला बघू, बघू करतोय. तुझ्या पायाचं काय न्हवतं, पोरी. आमी बी मानमोडीत घरची चार माणसं पोचवली." मग त्यांचे खांदे हलायला लागले. "आन् ह्या बेण्यानं बोलायचं तर कुणाच्या तोंडानं बोलावं? साहेबाच्या!"

हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बद्रीनाथ धावत आला, खिशातून पांढरी चिंधी काढून पुसायला लागला. "आप्पा, डाक्टरनं डोळ्यांतून पाणी काढू नका म्हणून सांगितलंय!"

"मी कुठं काढतो? तूच काढलंस की बे!"

त्या गलक्यानं आत्या वळली. घड्या घालणारा गडी तिला दिसला आणि तिचा चेहराच उतरला. "आगं बया, हे आवरायला का लागले? काय झालं, आप्पा? सायब काय म्हणले?"

"साहेबाला काय म्हणायचं ते म्हणू द्या, केसरबाई," आप्पा झापड खाली ओढत म्हणाले. "आता मी म्हणतोय, बस्ता."

आबांनी एवढंच ऐकलं. जालन्याच्या आडत्याला तार करायची, त्यानं आजच्या आज माजलगावला माणूस घालायचा, नाही म्हणून कळवायचं, असं काहीतरी पुटपुटत ते त्याच पावली तारघर शोधायला निघाले. वहाणा दुकानाच्या पायरीशीच राहिल्या.